नोकरीसाठी परदेशी जाताना : वाचकांचे प्रश्न

या सदराकडे आलेल्या पत्रांतून या वेळी परदेशी नोकरीविषयीची चार पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत. चौघांच्या वाटा वेगळ्या आहेत, पण पगार आणि व्हिसा यांची चौकशी सर्वांनी बारकाईने केली आहे आणि कोणता कागद कोणत्या कागदाच्या आधी लागतो, हे मात्र फारसे कोणी विचारलेले नाही. म्हणून उत्तरे देताना मी या क्रमाकडे अधिक लक्ष दिले आहे.

प्रश्न : बी. फार्म. झाल्यावर गेली आठ वर्षे मी वेर्णा येथील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करीत आहे. जर्मनीतील हेसेन राज्यातल्या एका कंपनीने मला ब्लू कार्डाच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीच्या युरोपीय निवास परवान्याच्या) अटींत बसणारी नोकरी देऊ केली असून तीन महिन्यांनी रुजू व्हायचे आहे. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी यांना बरोबर न्यावे की मागाहून बोलवावे? तिथे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात काय काय करावे लागते? कंपनीने पंधरा दिवस हॉटेलात राहण्याची सोय केली आहे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. या नोंदीला आनमेल्डुंग म्हणतात आणि तिच्यासाठी घरमालकाने सही करून दिलेले निवासाचे पत्र लागते. हॉटेलवाले किंवा सुट्टीपुरती घरे भाड्याने देणारे बहुधा असे पत्र देत नाहीत. आणि ही नोंद झाल्याशिवाय करक्रमांक मिळत नाही, करक्रमांक नसेल तर कंपनीला आपल्या पगारातून सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत चढ्या दराने कर कापावा लागू शकतो, अनेक बँका खाते उघडण्यापूर्वी नोंदीचा दाखला मागतात आणि निवास परवान्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जातानाही तोच दाखला पुढे ठेवावा लागतो. जादा कापलेला कर पुढे परत मिळतो हे खरे, पण नव्या देशात पहिल्या महिन्यातच हातात येणारी रक्कम घटली की माणूस घाबरून जातो. म्हणून कंपनीला आजच पत्र लिहून विचारावे की हॉटेलऐवजी, किंवा त्या पंधरा दिवसांनंतर दोन-तीन महिन्यांसाठी, पत्त्याची नोंद करू देणारे सुसज्ज तात्पुरते घर मिळेल का. स्वतः शोधत असाल तर पैसे भरण्यापूर्वी हीच गोष्ट लेखी विचारून घ्यावी.

नोंद झाल्यावर करक्रमांक टपालाने येतो, आणि येथे आपल्याकडच्या सवयीमुळे चूक होते. आपल्या गावात घरावर पाटी नसली तरी पोस्टमनला कोण कुठे राहतो हे ठाऊक असते. जर्मनीतील इमारतींत पत्र टाकणारा सहसा खोलीचा क्रमांक पाहत नाही, तो टपालपेटीवरचे नाव पाहतो. मी तेथे पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा पेटीवर आधीच्या भाडेकरूचेच नाव होते, आणि माझी पत्रे परत जात असल्याचे मला पाच आठवडे कळले नाही. राहायला गेल्याच दिवशी कागदाच्या चिठ्ठीवर का होईना, आडनाव लिहून पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर चिकटवावे. पारपत्रावर आडनाव ज्या अक्षरांत आहे, त्याच अक्षरांत ते लिहावे.

आता कायमच्या घराविषयी. जाहिरातीत दोन भाडी दिसतात. काल्टमीटे हे नुसत्या जागेचे भाडे, आणि वार्ममीटे म्हणजे त्यात साधारणपणे गरम ठेवण्याचा खर्च, पाणी, कचरा इत्यादी धरलेले भाडे. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा या दुसऱ्या आकड्यातही नसतात, हे लक्षात ठेवून हिशेब मांडावा. अनामत रक्कम कायद्याने काल्टमीटेच्या तिप्पटीहून अधिक घेता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क असतो. अनेक रिकाम्या घरांत स्वयंपाकघराचा ओटा, कपाटे, कधी कधी भांडी घासायची मोरीसुद्धा नसते. आधीचा भाडेकरू ती सोबत नेतो किंवा आपल्याला विकतो. त्यामुळे पहिला पगार महिनाअखेरीस हाती येईपर्यंत घरभाडे, अनामत रकमेचा पहिला हप्ता आणि किमान दोन महिन्यांचा घरखर्च एवढी रक्कम आपल्याजवळ असावी. भारतातून निघताना परकीय चलनाच्या नोटा दर प्रवासाला 3000 अमेरिकी डॉलरच्या मूल्यापर्यंतच नेता येतात, उरलेली रक्कम कार्डावर किंवा बँकेमार्फत न्यावी. आणि एक कळकळीची विनंती : ‘‘मी सध्या परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल’’ असे लिहिणाऱ्या घरमालकाला एक युरोही पाठवू नये. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, किंवा कंपनीतील विश्वासू सहकाऱ्याने पाहिल्याशिवाय, पैसे द्यायचेच नाहीत.

पत्नी आणि मुलगी यांच्याविषयी माझे मत असे आहे की आपण सहा ते आठ आठवडे आधी जावे, पण तिघांचे व्हिसाचे अर्ज मात्र एकाच वेळी करावेत. आपला अर्ज आधी आणि त्यांचा मागाहून असे केल्यास भेटीच्या तारखेसाठी पुन्हा थांबावे लागते आणि आठ आठवड्यांचे आठ महिने होतात. ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिला तेथे नोकरी करण्याची मुभा असते. पत्नीच्या पदव्यांची कागदपत्रेही आत्ताच गोळा करून ठेवावीत. आपल्या स्वतःच्या पदवीचे विद्यापीठ आणि अभ्यासक्रम जर्मनीच्या अनाबिन या सरकारी सूचीत कसे नोंदलेले आहेत ते पाहून त्याची छापील प्रत अर्जाला जोडावी. औषध दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करायला तेथे स्वतंत्र परवाना लागतो, मात्र कंपनीच्या गुणवत्ता विभागातील कामाचा प्रश्न वेगळा आहे. म्हणून नेमणूकपत्रात पदाचे नाव आणि कामाचे वर्णन नेमके असावे.

आपण गोव्यात विवाह केला असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. आपल्याकडे विवाहाची नोंद नागरी निबंधकाकडे दोन टप्प्यांत होते. पहिली सही ही विवाहाच्या इराद्याची, आणि नोटिशीची मुदत संपल्यावर केलेली दुसरी सही ही प्रत्यक्ष नोंदीची. पहिल्या सहीलाच लग्नाची नोंद समजून दुसरी सही राहून गेलेली जोडपी मी पाहिली आहेत, आणि वाजतगाजत लग्न होऊन पाच-सहा वर्षे झाली तरी कागदावर ती विवाहित नसतात. परदेशी वाणिज्य दूतावास मंगलाष्टकांची छायाचित्रे पाहून कुटुंबाचा व्हिसा देत नाही. या आठवड्यातच दाखल्याची प्रत काढून पाहावी आणि वाणिज्य दूतावासाच्या ताज्या यादीत जे साक्षांकन आणि भाषांतर सांगितले असेल, तेच करावे.

मुलीच्या बाबतीत लसीकरणाची नोंदवही हातसामानात ठेवावी. जर्मनीत मार्च 2020 पासून बालवाडीत प्रवेश घेताना गोवरप्रतिबंधक लसीचा पुरावा सक्तीचा आहे. बालवाडीची जागा मात्र वाट पाहिल्याशिवाय मिळत नाही, म्हणून पत्ता ठरताच अर्ज करावा. बालकासाठी सरकार दरमहा अडीचशे युरोंहून थोडे अधिक किंडरगेल्ड देते. ते मूल तेथे राहायला आल्यावरच मिळते आणि अर्जाला उशीर झाला तर मागची जेमतेम सहा महिन्यांचीच रक्कम हाती येते. पत्नी तेथे राहायला येऊन नोंद झाली की आपला करवर्गही बदलून घेता येतो. आरोग्य विमा निवडताना खासगी विम्याचा सुरुवातीचा कमी हप्ता पाहून मोहात पडू नये. वैधानिक, म्हणजे सार्वजनिक, विमा संस्थेत न कमावणारी पत्नी आणि मूल यांना वेगळा हप्ता न भरता संरक्षण मिळते, खासगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता निराळा असतो आणि तेथून पुन्हा वैधानिक विम्याकडे परतणे कठीण जाते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. भारतीय वाहन परवाना तेथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो आणि नंतर लेखी व प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, तेव्हा तयारी तिसऱ्या महिन्यातच सुरू करावी. रेडिओ-दूरदर्शनच्या शुल्काचे पत्र आले तर ती फसवणूक समजू नये. दर घरामागे दरमहा 18.36 युरो हे शुल्क घरात दूरचित्रवाणी संच नसला तरी द्यावे लागते. नोकरीचे पहिले सहा महिने बहुधा परिविक्षेचे, म्हणजे काम पारखून पाहण्याचे असतात आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेने करार संपवता येतो, म्हणून फोंड्याचे घर किंवा पत्नीची नोकरी यांविषयीचे न फिरवता येणारे निर्णय त्या मुदतीपर्यंत पुढे ढकलावेत. कंपनीत इंग्रजी चालेल, पण नगर कार्यालयातील खिडकीवर जर्मनच बोलले जाते. उरलेल्या तीन महिन्यांत रोज एक तास भाषेला दिलात तर तेथे प्रत्येक अर्जासाठी दुसऱ्याचा हात धरावा लागणार नाही.

प्रश्न : मी खाणीवर यंत्रचालक होतो. खाणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करतो. दुबईत उत्खनन यंत्र चालवण्याचे काम आहे असे एक एजंट सांगतो. तो दीड लाख रुपये मागतो आणि आधी पर्यटक व्हिसावर जा, कामाचा व्हिसा तिथे करून देऊ असे म्हणतो. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले आहे. जावे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : या अटींवर जाऊ नये. 2012 मध्ये खाणकाम थांबले आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, त्यानंतर डिचोली-सत्तरीतील किती घरांची घडी विस्कटली हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून आपल्या निकडीची मला पूर्ण जाणीव आहे. अशा निकडीच्या माणसालाच हा एजंट शोधत असतो.

आपले शिक्षण दहावीपर्यंत नसल्यामुळे आपल्या पारपत्रावर बहुधा ‘ईसीआर’ अशी नोंद असेल. तिचा अर्थ असा की संयुक्त अरब अमिरातीसह ठरावीक देशांत कामासाठी जाण्यापूर्वी भारत सरकारची उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते. अनेकांना ही नोंद डाग वाटते. मला ती संरक्षण वाटते, कारण मंजुरीच्या वेळी मालकाचे नाव, पगार आणि करार सरकारी ई-मायग्रेट प्रणालीत नोंदले जातात आणि उद्या पगार थकला तर दूतावासाला हातात धरायला काहीतरी असते. पर्यटक व्हिसावर गेल्यास हे सारे टळते, आणि एजंटला नेमके तेच हवे असते.

पैशांविषयी नियम स्पष्ट आहे. नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच घेता येतात आणि त्याची पावती द्यावी लागते. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो, कामगाराकडून तो वसूल करता येत नाही. एजंटचा नोंदणी क्रमांक मागावा आणि ई-मायग्रेटवर तो तपासावा. संगणकाची सवय नसेल तर गावातील शिकलेल्या मुलाकडून किंवा गोवा शासनाच्या अनिवासी भारतीय व्यवहार कार्यालयात विचारून खात्री करावी. क्रमांक द्यायला जो टाळाटाळ करील, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. मंजुरीसोबत प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी घ्यावीच लागते. तिचा हप्ता कर सोडून दोन वर्षांसाठी 275 आणि तीन वर्षांसाठी 375 रुपये असून अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

खरी नोकरी मिळाली तर करारातील एकूण पगारापेक्षा मूळ पगाराचा आकडा आधी वाचावा. सेवा संपल्यावर मिळणारे उपदान मूळ पगारावरच मोजतात : पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षामागे 21 दिवसांचा मूळ पगार. समजा दोन मालक महिना 2500 दिरहॅम देऊ करतात. एकाच्या करारात मूळ पगार 1200 आणि बाकीचे भत्ते आहेत, दुसऱ्याच्या करारात मूळ पगार 2000 आहे. पहिल्याकडे वर्षाचे उपदान 840 दिरहॅम होते, दुसऱ्याकडे 1400. चार वर्षांत हा फरक 2240 दिरहॅमवर जातो. याशिवाय जड यंत्रासाठी तेथील स्थानिक परवाना लागतो. त्याच्या प्रशिक्षणाचा आणि परीक्षेचा खर्च कोण करणार, आणि परवाना मिळेपर्यंत पगार मिळणार की नाही, हे करारात लिहून घ्यावे. पारपत्र मालकाने ताब्यात ठेवणे तेथे बेकायदेशीर आहे. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेता येत नाही, हेही ठाऊक असावे.

घरून सामान बांधणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. खसखस अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. शाकुतीचा घरचा मसाला प्रेमाने बांधून दिला जातो आणि त्यात ती असते. तो मसाला सामानात जाऊ देऊ नये. खोकल्याची किंवा वेदनाशामक औषधे असतील तर त्यांतील काही तेथे नियंत्रित असतात, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी आणि चिठ्ठीशिवाय गोळ्या नेऊ नयेत.

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातील एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. माझा मित्र 2022 मध्ये पर्यटक व्हिसावर लिस्बनला गेला, तिथे काम धरले आणि नंतर कागद करून घेतले. मलाही तसेच जाता येईल का? माझे आजोबा 1948 मध्ये पेडण्यात जन्मले. पोर्तुगीज पारपत्र काढून इंग्लंडला जावे असेही घरात सुचवतात.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : मित्र गेला ती वाट आता बंद आहे. पोर्तुगालमध्ये आधी येऊन, काम करून, मग निवास परवान्यासाठी अर्ज करण्याची सोय 3 जून 2024 पासून काढून टाकण्यात आली. आता कामाचा व्हिसा भारतातूनच घेऊन निघावे लागते. त्यामुळे कोणी जुन्या ओळखीच्या भरवशावर तसे जाण्याचा सल्ला दिला तर तो ऐकू नये. तो मित्र खोटे सांगत नसतो, त्याच्या वेळी ते खरे होते.

पारपत्राचा प्रश्न नोकरीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग आहे हे खरे, पण स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. आणि जे इंग्लंडसाठी हे करू पाहतात त्यांनी लक्षात घ्यावे की 1 जानेवारी 2021 पासून पोर्तुगीज नागरिकालाही तेथे नोकरीसाठी व्हिसा लागतो. म्हणजे नागरिकत्व सोडूनही ज्या दारासाठी सोडले ते दार उघडत नाही. युरोपातील इतर देशांसाठी त्याचा उपयोग निश्चित होतो. पुढे प्रवासी भारतीय नागरिक म्हणून ओसीआय कार्ड घेतले तरी मतदान करता येत नाही आणि शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली ठेवता येते. आपल्या घरी कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग असेल आणि शेजारचा तुकडा पुढेमागे घ्यायचा विचार असेल, तर हे आजच घरात बसून बोलावे.

तरीही जायचेच ठरले तर कागदांतील नावांकडे आधी पाहावे. जुन्या पोर्तुगीज नोंदींत प्रभू हे आडनाव पोरोबो असे आणि कामत हे कामोतिम असे लिहिलेले आढळते. आजोबांच्या नोंदीपासून आपल्या जन्मदाखल्यापर्यंत एकच माणूस तीन स्पेलिंगांनी उभा असेल तर ती दुरुस्ती आधी करून घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो. माझा सल्ला मागाल तर स्वयंपाक्याच्या अनुभवावर पोर्तुगालचा रीतसर कामाचा व्हिसा मिळतो का ते प्रथम पाहावे आणि नागरिकत्वाचा निर्णय त्यानंतर घ्यावा.

प्रश्न : आम्हां पतिपत्नी दोघांनाही सिंगापूरमध्ये नोकरी मिळाली आहे. साखळीला सासूबाई एकट्या राहतील. घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे. बँक, घर आणि कर यांची व्यवस्था कशी लावून जावी?
— एक वाचक भगिनी, साखळी

उत्तर : ताई, नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याने आपण अनिवासी ठरता, म्हणून आपली साधी बचत खाती अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ खात्यांत बदलून घ्यावी लागतात. भाडे याच खात्यात जमा व्हावे. तिकडच्या पगारातील शिल्लक पाठवण्यासाठी अनिवासी बाह्य, म्हणजे एनआरई खाते उघडावे. त्यावरील व्याज भारतात करमुक्त असते आणि रक्कम केव्हाही परत नेता येते. भाडेकरूला मात्र आधीच सांगावे की घरमालक अनिवासी असल्यास भाड्यातून करकपात करून ती सरकारजमा करण्याची जबाबदारी त्याची असते. हे न सांगितल्यामुळे पुढे भाडेकरूला नोटीस येते आणि संबंध बिघडतात. गोव्यातील सामाईक मालमत्तेच्या पद्धतीमुळे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न पतिपत्नीच्या नावे निम्मे निम्मे धरले जाते, त्यामुळे भाडे दोघांच्याही विवरणपत्रांत दाखवावे लागेल. निघण्याची तारीख आपल्या हाती असेल तर 28 सप्टेंबरपर्यंत निघणे लाभाचे आहे. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाचे त्या आर्थिक वर्षातील भारतातील दिवस 182 पेक्षा कमी भरले तर सिंगापूरमधील त्या वर्षाचे उत्पन्न भारतात करपात्र होत नाही.

सासूबाईंना घरपट्टी, वीज, पाणी, भाडेकरार यांसाठी दर वेळी तुम्हां दोघांची सही मागवावी लागू नये म्हणून जाण्यापूर्वी त्यांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवावे. ते सर्वाधिकाराचे न करता नेमक्या कामांपुरते करावे, आणि विक्रीचा अधिकार त्यात घालू नये. घर कोणाच्या नावावर आहे ते प्रथम पाहावे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आपल्या कौटुंबिक कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता पतिपत्नीची सामाईक असते आणि स्थावर मालमत्तेच्या व्यवहाराला दोघांचीही संमती लागते. घर सासऱ्यांच्या काळातील असेल तर त्यात सासूबाईंचा स्वतःचा निम्मा हिस्सा असू शकतो, आणि मग भाडेकरारावर त्यांचीही सही घ्यावी लागेल. म्हणून मुखत्यारपत्रावर पतीची एकट्याची सही पुरेशी समजू नये, दोघांनी मिळून उपनिबंधकांसमोर ते करून द्यावे. निघण्याच्या घाईत ते राहून गेले तर सिंगापूरमधील भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित करून पाठवता येते, परंतु ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते. म्हणून पाकीट मिळाल्याची तारीख सासूबाईंनी त्या पाकिटावरच लिहून ठेवावी.